आधी टाच, मग कमान: परळच्या एका ऑर्थोटिक वर्कशॉपची पारख

तळपायाच्या कमानीला आधार देणारं, बुटात घालायचं इनसोल हातात आलं की बहुतेकांचा अंगठा आधी मधल्या फुगवट्यावर जातो. दाबून बघायचं, ‘उंच आहे, चांगलं आहे’ म्हणायचं आणि पैसे द्यायचे. या कामात मुरलेले लोक उलट्या क्रमाने बघतात: आधी टाचेची वाटी, मग चवड्याकडची कड, आणि कमान सगळ्यांत शेवटी. परळला हॉस्पिटलांच्या मागच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपमधून करून घेतलेली जोडी इथे त्याच क्रमाने तपासली आहे. वर्कशॉपचं नाव मुद्दाम देत नाही. काम एकंदरीत चांगलं आहे, पण चुकाही आहेत, आणि त्या चुका मुंबईत जिथे जाल तिथे थोड्याफार फरकाने भेटतील.

जोडी ज्यांच्यासाठी केली त्या बाई शिक्षिका आहेत. वजन 68 किलो, दिवसाचे पाच-सहा तास फरशीवर उभं राहणं, वर लोकलमधलं उभ्याने येणंजाणं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला टाच ठणकते आणि संध्याकाळी उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला ओढ लागते, ही तक्रार. पाय सपाट, पण लवचिक. बिल 6,500 रुपये झालं, त्यात तपासणी आणि नंतरची एक दुरुस्ती आली. जोडी नवव्या दिवशी मिळाली आणि जून ते ऑगस्ट असे तीन महिने वापरली गेली. म्हणजे परीक्षा पावसातच झाली.

तपासणीला चाळीस मिनिटं दिली, त्यातली पहिली पाच जुन्या पादत्राणांवर गेली. हे लक्षण चांगलं. टाचेचा मागचा बाहेरचा कोपरा थोडा झिजलेला असतोच, कारण चालताना पाय तिथूनच टेकतो. आतला कोपरा झिजलाय का, बुटाची मागची कडक बाजू आत कललीय का, हे बघायचं असतं. उजवा बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर तो स्पष्ट आत झुकलेला होता.

मग भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. टाच आत वळली आणि कमान उभी राहिली, तर पाय लवचिक आहे आणि आतल्या घोट्यामागून येणारी टिबियालिस पोस्टीरियरची कंडरा आपलं काम करते आहे. एका पायावर टाच उचलताच येत नसेल, किंवा उचलूनही टाच बाहेरच कललेली राहत असेल, तर ते इनसोलवाल्याचं काम नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. मुंबईत ही चाचणी न करता माप घेणारी दुकानं भरपूर आहेत, आणि थकलेल्या कंडरेच्या पायावर ती महिनोन्‌महिने नुसता फोम बदलत बसतात.

पुढची चाचणी घरीही करण्यासारखी आहे. सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणी आपल्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायचा. कमान आपोआप वर येते. तळव्याखालचा प्लांटर फॅशियाचा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती दोरासारखा ओढला जातो आणि टाच व चवडा जवळ येतात. पायाच्या रचनेचे अभ्यासक हिक्स यांनी 1954 मध्ये ही रचना ‘विंडलास’ म्हणून मांडली. विंडलास म्हणजे आपला विहिरीवरचा रहाट. अंगठा उचलताना फार जोर लागत असेल तर रहाट अडकलाय, आणि नुसती कमान उंच करून तो सुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे याच जोडीत ती आडवी आली.

मापही घेतलं. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली आणि पुढे, बोटाला एक उंचवटा लागतो. ते नॅव्हिक्युलर हाड. त्यावर पेनने ठिपका द्यायचा, बाजूला जाड कार्ड उभं धरायचं आणि बसून व उभं राहून जमिनीपासूनची उंची त्यावर टिपायची. उजव्या पायाची उंची बसल्यावर 44 मिमी आणि उभं राहिल्यावर 32, म्हणजे 12 मिमीची घसरण. डाव्याची 43 वरून 34, म्हणजे 9. दहाच्या वर गेलं की जास्त धरतात. दोन्ही पाय सारखे नव्हते, आणि दोन्ही इनसोलही सारखी केली नाहीत. ‘कस्टम’ म्हणून दिलेल्या दोन बाजू एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असतील तर माप कशाला घेतलं, हे विचारायला हरकत नाही.

वर्कशॉपला पूर्ण मार्क द्यावेत ते पोटरीच्या चाचणीसाठी. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजायचं. दहा सेंमी किंवा जास्त जमलं तर ठीक. बाईंचं सहाच सेंमी भरलं. पोटरी आखडलेली असली की घोटा पुढे वाकत नाही आणि शरीर ती कसर पायाच्या मध्यभागी भरून काढतं. कमान मोडते ती तिथे. अशा पायाखाली उंच, कडक कमान ठेवली तर वरून पोटरी दाबते, खालून प्लास्टिक, आणि मधला तळवा भरडला जातो. ‘इनसोल टोचतं’ या तक्रारींतल्या कितीतरी खरं तर पोटरीच्या असतात. इथे दोन्ही टाचांखाली 4 मिमीची उंची दिली आणि भिंतीशी करायचा ताण दिवसातून तीनदा, दर वेळी तीस-तीस सेकंद, कागदावर लिहून दिला.

रंगीत प्रेशर प्लेट या वर्कशॉपमध्ये नाही, आणि तिची उणीवही भासली नाही. मॉलमधल्या स्टॉलवर त्या प्लेटवर उभं करतात, स्क्रीनवर लाल-पिवळे डाग उमटतात आणि गिऱ्हाईक घाबरतं. टाच आणि चवडा लाल दिसणारच, भार तिथेच येतो. ती प्लेट दाब कुठे किती आहे ते सांगते. कमानीची उंची किंवा टाचेचा कल तिला कळत नाही. मधुमेहात जखम होण्याच्या जागा शोधायला ती कामाची आहे. पण तिच्या एका चित्रावरून कमानीचा आकार ‘डिझाइन’ केला असं कुणी म्हणालं तर आकार आधीच ठरलेला होता असं समजा.

ठसा फोमच्या खोक्यात घेतला. खुर्चीत बसवून, गुडघा काटकोनात ठेवून, तंत्रज्ञाने एका हाताची बोटं घोट्याच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना लावली आणि ते हाड मधोमध येईपर्यंत पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. मग गुडघ्यावरून दाब देत आधी टाच फोममध्ये बुडवली, त्यानंतर बाहेरची कड आणि शेवटी एकेक करून बोटं. हा क्रम महत्त्वाचा आहे. गिऱ्हाइकाला सरळ खोक्यात उभं केलं की फोमला पडलेल्या पायाचा ठसा मिळतो, त्यावरून पडलेल्या पायाचं इनसोल तयार होतं, आणि मग कमान ‘अंदाजाने’ वाढवावी लागते. उजव्या पायाचा पहिला ठसा टाचेमागची फोमची भिंत ढासळल्यामुळे टाकून दिला आणि नवा खोका उघडला. खोका एकदाच वापरता येतो, त्यामुळे बरेच जण असा ठसा तसाच पुढे रेटतात. पीओपीची पट्टी गुंडाळून, पालथं झोपवून घेतलेला साचा टाचेच्या बाबतीत याहून नेमका येतो. स्कॅनरही चालतो, पाय अधांतरी आणि योग्य स्थितीत धरला असेल तर. काचेवर उभं करून केलेला स्कॅन म्हणजे पुन्हा तोच पडलेला पाय, फक्त महागात.

खरी कारागिरी यानंतरची, गिऱ्हाइकाला न दिसणारी. फोमच्या ठशात पीओपी ओतून पायाचा ठोकळा काढतात आणि त्यावर काम करतात. टाचेच्या बाहेरच्या बाजूला 3 ते 5 मिमी पीओपी वाढवायचं, कारण उभं राहिल्यावर टाचेखालची चरबी पसरते. ती जागा दिली नाही तर वाटीची कड टाचेला चावते. कमानीवर 2-3 मिमीचा थर चढवायचा, म्हणजे तिथले स्नायू दाबले जात नाहीत. उजव्या ठोकळ्यावर आणखी एक गोष्ट केली होती: टाचेखाली आतल्या बाजूने 3 मिमी पीओपी तिरकं तासलं होतं. पायांच्या उपचारांतले अमेरिकन तज्ज्ञ केविन कर्बी यांनी 1992 मध्ये ही पद्धत मांडली. ठोकळ्यावर जेवढं तासलं तेवढा तयार वाटीचा तळ आत उचललेला राहतो आणि टाचेच्या हाडाला आतून आधार मिळतो.

कमानीच्या आधी टाच म्हणायचं ते यासाठीच. टाचेचं हाड कलंडलं की त्यावर बसलेलं घोट्याचं हाड आत आणि खाली घसरतं, आणि कमान त्याच्यामागोमाग बसते. कमानीखाली नुसता फुगवटा ठेवला तर तो हाडापर्यंत पोचायच्या आत मऊ मांस चेपतो. ते दुखतं, पण टाच कलंडलेलीच राहते. वाटीची खोली इथे 16 मिमी होती. बाजारातल्या बऱ्याच तयार इनसोलांत ती दहाच्या आसपास असते. तेवढ्यात टाच बसते, पण धरली जात नाही.

वाटीखालच्या पाचरीला, पोस्टला, अंशांत माप देतात. टाचेची रुंदी साधारण 60 मिमी धरली तर एक अंश म्हणजे जवळजवळ एक मिमी, हे गणित तोंडपाठ असलेलं बरं. उजव्याला 4 अंश सांगितले होते; काचेवर ठेवून व्हर्नियर कॅलिपरने मोजलं तर आतल्या आणि बाहेरच्या कडेत 4.1 मिमीचा फरक आला. डाव्याला 2 अंश, मोजून 2 मिमी. कुणी ‘दहा अंश देतो, लवकर फरक पडेल’ म्हणालं तर बुटात टाचेखाली एक सेंमीचा उतार येणार आहे हे डोळ्यांसमोर आणा. पाय बाहेर घसरतो, बुटाची बाहेरची कड झिजू लागते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला नवं दुखणं सुरू होतं.

शेल, म्हणजे इनसोलचा खालचा कडक भाग, 3 मिमी पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचं आहे. साधारण 75 किलोपर्यंत ते पुरतं, त्यावर 4 मिमी लागतं. पांढरट पत्रा ओव्हनमध्ये काचेसारखा पारदर्शक दिसू लागला की तो ठोकळ्यावर टाकून व्हॅक्यूमने ओढतात. कुठे दुधाळ डाग राहिला तर तिथे पत्रा नीट तापलेला नसतो आणि पुढे तिथूनच तडकतो. ओढला जाताना टाचेच्या वळणावर पत्रा पातळ होतोच. इथे सगळ्यांत पातळ जागी 2.5 मिमी भरला, म्हणजे ठीक. वर कव्हर म्हणून 3 मिमी मऊ ईव्हीए फोम, शोर 25च्या आसपास (शोर हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तेवढा फोम कडक). त्याऐवजी प्लास्टाझोट हा आणखी मऊ फोम लावणारे बरेच आहेत. पहिल्या दिवशी ते ढगासारखं वाटतं, पण रोजच्या वापरात काही महिन्यांतच पापडासारखं चपटं होतं. कडक शेल नको असेल तर शोर 45-50च्या ईव्हीएच्या ठोकळ्यातून कोरलेलं इनसोल मिळतं. ते अंगावर येत नाही, पण जाड असतं आणि दीड-दोन वर्षांत बसतं. थ्रीडी प्रिंटचं नायलॉन शेल मजबूत आणि पातळ होतं, पण ग्राइंडरवर त्याची दुरुस्ती पॉलिप्रोपिलीनइतकी सोपी नाही. आणि दुरुस्ती लागतेच.

या जोडीलाही लागली. डाव्या शेलची पुढची कड अंगठ्याच्या मुळाशी 4 मिमी जास्त लांब राहिली होती. बघायची रीत अशी: इनसोल पायाखाली धरून अंगठा वर-खाली हलवायचा आणि तळव्यावर बोटाने अंगठ्याच्या मुळाचा सांधा शोधायचा, कडक शेल त्या सांध्याच्या 6 ते 8 मिमी मागे संपायला हवं. इथे ते सांध्याखाली शिरलं होतं. पाऊल उचलताना अंगठा वाकायला जागाच नाही, म्हणजे मघाचा तो रहाट अडकला. बाईंना चौथ्या दिवशी अंगठ्याखाली चुरचुर आणि पोटरीत थकवा जाणवला. त्यांना वाटलं सवय व्हायची आहे. हा गोंधळ नेहमीचा. सवयीचं दुखणं दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं असतं आणि दिवसागणिक कमी होतं. चुकीच्या घडणीचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं आणि रोज त्याच जागी येतं.

दुसऱ्या फेरीत तंत्रज्ञाने त्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका दिला, बाईंना इनसोलवर उभं केलं, शेलवर उमटलेल्या डागापुढे पेन्सिलने रेघ मारली आणि ग्राइंडरवर पंधरा मिनिटांत कड मागे घेऊन पातळ केली. त्याच वेळी अंगठ्यामागच्या लांब हाडाखाली छोटी खाचही पाडली. चुरचुर त्याच आठवड्यात थांबली. काम चोख झालं, यात शंका नाही. पण पहिल्या दिवशी जोडी पायाला लावून अंगठा हलवून बघितला असता तर दुसरी फेरी वाचली असती. जोडी देताना फक्त ‘कसं वाटतंय?’ एवढंच विचारलं होतं. गिऱ्हाइकाला काय वाटणार? नवीन वाटतं.

दुसरी चूक पादत्राणांची. तपासणीत जुने बूट पाहिले, पण शाळेत काय घालता हे कुणी विचारलं नाही. बाई शाळेत पट्ट्याच्या सँडल घालतात. पूर्ण रुंदीचं, 16 मिमी वाटीचं शेल त्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी बंद टाचेचे, आतला तळ निघणारे बूट घ्यावे लागले, म्हणजे खर्च वाढला. हे ठसा घेण्याआधी ठरवायचं असतं. बुटात मूळ इनसोल काढता यायला हवं, ते 4-5 मिमीचं असतं. नवीन जोडीचं टाचेखालचं शेल आणि कव्हर मिळून 6 मिमी, त्यावर टाचेची उंची आणि पोस्ट. हिशेब न करता कोंबलं की टाच बुटाच्या कडेवर येते आणि प्रत्येक पावलाला बाहेर निसटते. लेस असलेल्या, मागची बाजू कडक असलेल्या बुटात चांगलं शेल पूर्ण काम करतं. बेलीसारख्या उथळ बुटात अरुंद पाऊण लांबीचं शेल जातं, पण त्याची पकड निम्मी राहते. ऑफिसच्या निमुळत्या काळ्या बुटांचीही तीच अडचण. धारावी किंवा ठक्करबाप्पा कॉलनीतल्या एखाद्या कसबी कारागिराकडून बूट करून घेणार असाल तर त्याला इनसोल आधी दाखवा आणि फर्म्याच्या, म्हणजे बूट ज्यावर घडवतात त्या साच्याच्या, तळाला 5-6 मिमीचा थर चढवून अपर (बुटाचा वरचा भाग) ओढायला सांगा. बाहेरून बूट नेहमीसारखाच दिसतो.

तिसरी तक्रार चिकटवण्याची. जुलैत डाव्या कव्हरची आतली कड दोन सेंमी सुटली. लावलेलं सोल्युशन साधं होतं आणि शेलचा गुळगुळीत पृष्ठभाग घासून खरखरीत केलेला नव्हता. पॉलिप्रोपिलीनला काहीच सहजी चिकटत नाही; जाड सॅंडपेपर मारून, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, ते सुकून हाताला चिकटेनासं झाल्यावर गरम हवा देऊन दाबावं लागतं. वर्कशॉपने पुन्हा फुकट लावून दिलं, पण पावसाळ्याच्या शहरात ही काळजी आधीच घेतलेली असावी. एक गोष्ट मात्र बरोबर केली: कव्हर चामड्याचं केलं नाही. चामडं छान दिसतं, पण ओल्या बुटात आठवड्याभरात त्यावर बुरशी धरते.

पावसातली निगा थोडक्यात. घरी आलं की इनसोल बुटातून काढायचं आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. इनसोल ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायचं. हेअर ड्रायर, इस्त्री किंवा उन्हातल्या गाडीची काच अजिबात नको. ईव्हीए आकसतो आणि कव्हर शेलपासून सुटतं. चालताना कुरकुर आवाज येत असेल तर शेलची कड बुटाच्या अस्तराला घासते आहे. बुटाच्या तळाला चिमूटभर टाल्कम पावडर टाकली की थांबतो.

वापर वाढवण्याचा जो क्रम दिला तो योग्य होता: पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवायचा, आणि पळण्यासारखं काही करायचं असेल तर पूर्ण दिवस आरामात घालता आल्यावरच. जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी डिसेंबरच्या शेवटी नवीन जोडी करून घेणारे दरवर्षी असतात. त्यांनी हा हिशेब ऑक्टोबरात करावा.

मात्र एका गोष्टीबद्दल वर्कशॉप गप्प राहिलं. आपण चपला-बूट दाराबाहेर काढतो आणि घरभर फरशीवर अनवाणी वावरतो. सकाळचं पहिलं पाऊल, ओट्यापाशी उभं राहण्याचा तास-दीड तास, म्हणजे टाच जेव्हा सगळ्यांत जास्त दुखते तेव्हाच इनसोल शू-रॅकमध्ये असतं. घरात घालायला एक वेगळी, कमानीचा उठाव आणि टाचेला खळगा असलेली सपाता घ्या. रबरी हवाई चपलेचा या कामी उपयोग नाही. टाचदुखीत या सपातेने पडणारा फरक कधीकधी साडेसहा हजारांच्या जोडीइतकाच असतो.

आता मुळात एवढा खर्च करावा का? साध्या टाचदुखीसाठी सरळ कस्टमकडे धावायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात प्लांटर फॅशियाच्या दुखण्याच्या 135 लोकांवर केलेल्या आणि 2006 मध्ये छापून आलेल्या चाचणीत तीन गट होते: नावापुरता पातळ फोम, तयार इनसोल आणि मापाचं इनसोल. तीन महिन्यांनी तयार आणि मापाच्या, दोन्ही गटांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलं होतं. वर्षाने तिन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणून टाचदुखी नवीन असेल तर आधी अर्धकडक तयार इनसोल, पोटरीचे ताण आणि घरातली सपाता यांना सहा ते आठ आठवडे द्या. तयार इनसोल घेताना दोन्ही टोकं धरून पिळून बघा. फडक्यासारखं पिळलं जात असेल तर तो फक्त मऊपणा आहे, आधार नाही. मापाची जोडी लागते ती दोन पायांत फरक असेल, टाच जास्त कलंडत असेल, किंवा पाय उंच कमानीचा आणि दुखरा असेल तेव्हा. उंच कमानीच्या दुखऱ्या पायाला मापाच्या इनसोलचा उपयोग होतो याचे पुरावे सपाट पायापेक्षा चांगले आहेत, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

लहान मुलांच्या पायाखाली घाईने काही घालू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत पाय सपाट दिसणं स्वाभाविक आहे. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर मूल अनवाणी खेळू द्यावं. आणि मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल तर असलं कडक शेल धोक्याचं आहे. टोचलेलं कळतच नाही आणि जखम होते. तिथे एमसीआरसारख्या मऊ रबराचं, पूर्ण तळव्याला लागणारं, बहुथरी इनसोल आणि खोल बूट लागतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हाजीअलीची 1955 पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, यासाठी बघण्यासारखी आहे. वेळ जातो, पण तिथे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचं, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याचं, शिक्षणही चालतं. खासगीत जाताना माप घेणाऱ्याकडे याच विषयाची बीपीओ पदवी आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी आहे का, एवढं विचारायला लाजू नका. परळच्या या वर्कशॉपमध्ये नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला होता.

तीन महिन्यांनंतरची स्थिती: सकाळचं ठणकणं बरंच कमी आहे, संध्याकाळची ओढ जवळजवळ गेली आहे. भिंतीच्या चाचणीत सहाचे नऊ सेंमी झाले, म्हणजे श्रेयातला वाटा पोटरीलाही द्यायला हवा. शेलला तडा नाही, पोस्टचा आकार तसाच आहे, उजव्या टाचेखालचं कव्हर अर्धा मिमी बसलंय. कव्हर वर्षा-दीड वर्षात बदलावं लागेल, शेल त्यापुढेही चालेल.

जोडी घेताना बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: शेलचं मटेरियल आणि जाडी, वाटीची खोली, दोन्ही बाजूंचे पोस्टचे अंश, आणि टाचेची उंची. या वर्कशॉपने आपणहून काहीच लिहिलं नव्हतं, मागितल्यावर पेनने लिहून दिलं. ठोकळ्यांचंही विचारा. जागेअभावी ते सहा महिन्यांनी फोडून टाकतात. तोवर दुसरी जोडी हवी असेल तर नवीन ठसा लागत नाही आणि दरही कमी लावतात. बाईंचे दोन्ही ठोकळे सध्या ओव्हनच्या वरच्या फळीवर आहेत, पेन्सिलने नाव आणि तारीख टाकून; उजव्याच्या टाचेवर तासलेली ती 3 मिमीची तिरकी जागा खालून उभं राहूनही दिसते.